मूळ स्वरूप

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात, वांगणीसारख्या गावी, पडवीत जुनी विलिस जीप बाळगणाऱ्या गृहस्थाविषयी कोणी अनुदार उद्गार काढू नयेत. कारण जी गाडी १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने सुट्या भागांच्या रूपाने मुंबईस आणवून तेथे जुळविण्यास प्रारंभ केला, तिला पुनश्च त्याच आद्य अवस्थेस पोहोचविण्याचे इतिहासकार्य तो स्वखर्चाने आणि सहकुटुंब पार पाडीत असतो. रणांगणाच्या चिखलात, हाती येतील त्या पान्यांनी दुरुस्त व्हावी, अशीच तिची रचना. परंतु सैनिकास शत्रू होता आणि घाई होती, आमच्या गृहस्थास दोन्ही नाहीत. पुढच्या चाकामागील किंगपिनची टोपी उघडावी, तिच्याखालच्या कागदासारख्या पातळ शिमा क्रमाने ताटात मांडाव्यात, आणि नेमके तेच ताट स्वयंपाकघरातून मागितले जावे. मग वरची शिम कोणती व खालची कोणती, या मुद्द्यावर काम बेमुदत तहकूब होते. शिमांचा हिशेब चुकल्यास खड्ड्यावर आदळताच पुढची चाके थरथरू लागतात. यावर निर्वेध उपाय म्हणजे गाडी न चालविणे, आणि तो मात्र कसोशीने अमलात येतो.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी निरीक्षकापुढे रुजू करून नोंदणीची मुदत वाढवून घ्यावी, असा सरकारी दंडक आहे. दाखला, विमा, कराच्या पावत्या असे समग्र दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे ठणठणीत असते, बॉनेट पागोळ्यांखाली. मुदत जवळ आली, की पावसाळा सरू द्यावा असे ठरते, आणि जव्हारकडचा पाऊस या कामी पुष्कळच उपकारक आहे.