चौथा कप्पा

हार्ड डिस्क भंगारात देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. कॉम्प्युटर देतात, मॉनिटर देतात, प्रिंटर तर कुणी फुकट नेला तरी हुश्श म्हणतात. पण डिस्क आधी काढून घेतात. मग ती टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये बंद पडलेल्या रिमोटच्या आणि आजोबांच्या चष्म्याच्या संगतीत जाऊन पडते. एका डिस्कवर मुलाची मुंज असते, दुसरीवर अष्टविनायक. तिसरीवर काय आहे ते घरात कुणालाच आठवत नाही आणि नेमकी म्हणूनच ती टाकवत नाही.

हे सगळं एका जागी आणायचं ठरलं की बाजारात ज्याला ‘केसिंग’ म्हणतात त्याचा शोध सुरू होतो. म्हणजे दोन, चार, पाच, आठ अशा कप्प्यांची लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची पेटी. प्रत्येक कप्प्यात एक डिस्क सरकवायची, मागून एकच वायर कॉम्प्युटरला जोडायची. मुंबईत ही पेटी हात लावून बघायची तर लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर विचारणाराच बाहेरगावचा ठरतो.

तिथला दुकानदार पेटी दाखवायच्या आधी गिऱ्हाईक बघतो. मी दोन कप्प्यांची मागितली, तर तो शांतपणे म्हणाला, “साहेब, दोनची घ्या, काही हरकत नाही. पुढच्या वर्षी या, मग चारची देतो.” या धंद्यात एवढा सरळ बोलणारा माणूस विरळा, म्हणून मी चारची घेतली. त्याला तेच हवं होतं हे मला ग्रँट रोड स्टेशनच्या जिन्यावर कळलं, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्याकडे तीन डिस्क होत्या. चौथा कप्पा रिकामा राहणार होता, आणि घरात रिकामा कप्पा असणं ही किती अस्वस्थ करणारी गोष्ट आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पेटीच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात वेग छापलेला असतो. सेकंदाला दहा गिगाबिट! हा आकडा वायरीचा आहे, डिस्कचा नाही. आत फिरणारी तबकडी फार तर सेकंदाला दोनशे-अडीचशे एमबी देते, तेही तिची मर्जी असेल तर. पाच गिगाबिटची जोडणीसुद्धा प्रत्यक्षात चारशेच्या आसपास देते, म्हणजे एका डिस्कला पुरून उरते. भानगड होते ती चारही डिस्क एकदम कामाला लागल्या की, कारण ही शेवटी चाळ आहे: बिऱ्हाडं चार आणि नळ एक. एकट्याने बादली भरली तर पाणी धो धो. पहिल्या बिऱ्हाडाने दुसऱ्याकडे सामान हलवायला काढलं आणि त्याच वेळी तिसऱ्याकडे पाहुणे आले, की सगळ्यांची धार बारीक. घरगुती माणसाने या आकड्यापायी जास्तीचे पैसे मोजू नयेत असं माझं मत आहे. त्यापेक्षा मागचा पंखा बघावा. तो मोठा आणि संथ असेल तर बरा. छोटा असेल तर रात्रभर शिट्टी वाजवतो.

खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कचं पाच व्होल्टवर भागतं, ती यूएसबीच्या वायरीतूनच वीज घेते. साडेतीन इंचीला बारा व्होल्ट लागतात. म्हणून या पेटीबरोबर विटेएवढा अडॅप्टर येतो, आणि तो कुठल्याही एक्स्टेंशन बोर्डवर शेजारच्या दोन सॉकेटांवर आडवा पडतो. जुनी, स्वस्तात मिळणारी पेटी घेणाऱ्यांना एकच सांगणं. त्यातल्या काहींना दोन टीबीच्या पलीकडचं दिसत नाही. चार टीबीची डिस्क घातलीत तरी ती दोनच मानते आणि हट्टाला पेटते.

खरा खल होतो तो ‘रेड’वरून. १९८८ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. मोठ्या कॉम्प्युटरांना लागणाऱ्या एका महागड्या डिस्कऐवजी पीसीमधल्या स्वस्त डिस्कांचा जथा एकत्र बांधावा, आणि त्यातली एखादी गेली तरी काम अडू नये अशी तजवीज करून ठेवावी, असा त्याचा मथितार्थ. या जथ्यालाच रेड म्हणतात. तजवीज साधी आहे. दोन डिस्कांवर एकच मजकूर लिहिला की झाला आरसा. किंवा एकीवर सात, दुसरीवर पाच लिहा आणि तिसरीवर बेरीज, बारा. पाचवाली मेली तर बारातून सात वजा करा. आतलं गणित थोडं वेगळं असतं, पण तत्त्व हेच. मला हे इतकं आवडलं की मी तीन दिवस भेटेल त्याला सात, पाच, बारा समजावत होतो. दूधवाल्यालाही.

त्यावर भाच्याने पाणी ओतलं. तो कुठल्याशा कंपनीत सर्व्हर सांभाळतो. “मामा, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. तू चुकून फोटो उडवलास, तर आरसा तो तितक्याच इमानाने दुसरीकडूनही उडवेल. आणि पेटीवर वरच्या मजल्यावरचं पाणी गळलं तर चारही डिस्क एकदमच भिजतील ना?” एवढ्यावर थांबला असता तर तो भाचा कसला! पुढे त्याने सांगितलं की पेटीतच रेड बांधून घेतलं, तर कुठल्या डिस्कवर काय कुठे लिहिलंय ते त्या पेटीलाच ठाऊक असतं. पेटीतली सर्किटची पट्टी जळली की डिस्क ठणठणीत असून मुक्या. मग त्याच जातीची दुसरी पेटी शोधत फिरायचं, आणि ती जात तोवर बाजारातून गेलेली असते.

तेव्हा मी ठरवलं, आपल्या घरी प्रत्येक डिस्क स्वतंत्र. एक काढून कुठेही लावली तरी वाचता आली पाहिजे. मात्र यातही एक मेख आहे, आणि ती खोक्यावर लिहिलेली नसते. काही पेट्या डिस्कवरच्या ५१२ बाइटच्या तुकड्यांचे आपल्या सोयीसाठी ४०९६चे गठ्ठे करून कॉम्प्युटरला दाखवतात. अशा पेटीत तयार केलेली डिस्क बाहेर काढून दुसरीकडे लावली, की ती कोरी दिसते. फोटो आतच असतात, पण कॉम्प्युटर विचारतो, “फॉरमॅट करू का?” या प्रश्नावर ‘हो’ म्हटलेली माणसं मला ठाऊक आहेत. ती आता फोटोंविषयी बोलत नाहीत. म्हणून पेटी आणल्या दिवशीच एक कोरी डिस्क तिच्यात फॉरमॅट करावी, एखादी फाइल ठेवावी, डिस्क काढावी आणि दुसरीकडे लावून बघावी. फाइल दिसली तरच पेढे वाटावेत.

डिस्क बसवण्यात एक सुख आहे, ते सांगितलं पाहिजे. ट्रे ओढून बाहेर काढायचा, डिस्क त्यावर आडवी ठेवायची, चार स्क्रू पिळायचे. पुडीत स्क्रू दोन जातींचे येतात, आणि आधी हाताला लागतो तो हटकून छोट्या डिस्कचा. ट्रे आत ढकलला की तो सुरळीत जातो, मग शेवटच्या दोन सेंटिमीटरवर अडतो. तिथे ना जोर करायचा, ना घाबरायचं. अंगठ्याने सरळ दाबलं की ‘कट्’ असा आवाज येतो आणि पुढच्या दारावरची निळी लाइट लागते. ही लाइट बनवणाऱ्याने रात्री झोपायच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवणारी माणसं पाहिलेली नसावीत. पहिल्याच रात्री भिंतीवर निळे ठिपके पडले. आमच्या हिने उठून, काही न बोलता, आपल्या पाकिटातल्या तीन टिकल्या त्या तीन लाइटांवर लावल्या. तेव्हापासून आमची पेटी सवाष्ण आहे.

पेटी विकत घेणं आणि पेटीबरोबर राहणं, यांत फरक आहे. न वापरता काही वेळ गेला की डिस्क झोपतात. मग फोल्डर उघडायला जावं तर पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत राहतं आणि आतून एकेक जण घर्र करत उठतो. हवी असते पहिली डिस्क, पण उठतात तिघी. लाकडी टेबलावर ठेवली तर टेबलही गुणगुणायला लागतं. खाली जाड रबर घातलं की थांबतं. गुरुवारी लाइट जाते, येते, पण पेटी आपणहून सुरू होत नाही, तिचं बटण दाबावं लागतं. म्हणून इन्व्हर्टर. आणि काम संपवून वायर काढायच्या आधी रीतसर परवानगी मागावी, तर उत्तर येतं की हे उपकरण सध्या वापरात आहे. कोण वापरतंय? घरात मी एकटा जागा आहे!

सगळ्यात लांबलेलं काम म्हणजे आतला पसारा. तिन्ही डिस्कांवर अष्टविनायक होतेच, शिवाय एकीवर दोनदा. ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर (२)’, आणि ‘लावायचे आहेत’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘लावायचे आहेत जुने’. मोरगावच्या बसस्टँडवरच्या एकाच बटाटेवड्याचे नऊ फोटो. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. आजच्या हिशेबाने तो वडा एकदाच, तोही जेमतेम. माणसाने तेवढ्यात बँका आणि कारखाने चालवले. माझ्याने मात्र नवातले आठ वडे उडवणं झालं नाही, कारण प्रत्येकात उजेड किंचित वेगळा आहे.

दरम्यान चौथा कप्पा तसाच. येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघून काहीतरी सुचवून जायचा. भाचा म्हणाला, एसएसडी टाक. आमची ही म्हणाली, गाडीच्या किल्ल्या ठेवू या. समोरचे काका स्वतःची ‘टक्-टक्’ करणारी डिस्क घेऊन आले आणि म्हणाले, जरा लावून बघा. टक्-टक् करणारी डिस्क लावून बघू नये, वीज दिली की तिचं दुखणं वाढतं. ती फ्रीजमध्ये ठेवा, असाही सल्ला लोक देतात. फ्रीजमधून काढल्यावर तिच्यावर दव धरतं, एवढाच त्याचा उपयोग. काकांना मी जाणकाराचा पत्ता दिला. त्याने सांगितलेल्या पैशांत आणखी दोन पेट्या आल्या असत्या.

कप्प्याला काम शेवटी मिळालं, ते एका छायाचित्रकारामुळे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन माणसाने आपल्या पेशातल्या लोकांसाठी नियम घालून दिला: प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. दोन माध्यमांचं मी अजून बघतो आहे. घराबाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न मात्र आम्हाला पडला नाही. कोल्हापूरला बहीण आहे. तेव्हा एक डिस्क जुन्या टॉवेलात गुंडाळून तिच्या गोदरेजच्या कपाटात, चांदीच्या भांड्यांशेजारी असते. दिवाळीला आणि मे महिन्यात ती इकडे येते, चौथ्या कप्प्यात बसते, रात्रभर भरून घेते आणि परत जाते. एसटीत मी तिला मांडीवर घेतो, कारण पायाशी ठेवली तर घाटात आदळते. एरवी कप्पा रिकामा, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीसारखा नव्हे, खरोखर रिकामा. बहिणीने पहिल्या खेपेलाच विचारलं, “यात माझं काय आहे रे?” मी तिच्या लग्नाचे फोटो आहेत म्हणालो. त्यावर तिने डिस्क कपाटात आणखी आत सरकवली. फोटो बघायला मागितले नाहीत.

बघायला तसं कुणीच मागत नाही. गेल्या पावसाळ्यात फक्त मावशीचा फोन आला. तिला आईबरोबरचा तिचा नऊवारीतला फोटो हवा होता. मी तो सहाशे डीपीआयवर स्कॅन केलेला, पंचवीस एमबीचा, दुसऱ्या कप्प्यात, नावासकट लावून ठेवलेला. डिस्क उठली, फोल्डर उघडलं, अर्ध्या मिनिटात फोटो सापडला. इतक्या खटाटोपाचं चीज झालं म्हणून मी तो मोठ्या दिमाखात जसाच्या तसा धाडला. मावशीचा फोन, “अरे, काहीतरी आलंय, पण उघडतच नाही. तू आपला साधा व्हॉट्सअॅपवर पाठव बरं.” मी साधा पाठवला. व्हॉट्सअॅपने त्याचं पिळून पिळून चिपाड केलं.

“आला बघ! किती स्वच्छ दिसतोय. ताईच्या कुड्यासुद्धा दिसतायत,” मावशी म्हणाली. मग थोडं थांबून, “सगळ्यांना पाठवते आणि लगेच काढून टाकते हं. माझा फोन भरलाय. लागला की तुझ्याकडे मागेन, तुझ्याकडे असतोच.”