बाबांचा जामीनदार

आमच्या घरात दोन गोष्टींना सक्त मनाई होती : दुपारी झोपलेल्या बाबांना उठवणं आणि कुणालाही जामीन राहणं. दुसरीमागे इतिहास होता. बाबा एकदा पतपेढीत एका सहकाऱ्याला जामीन राहिले. सहकारी बदली घेऊन गेला आणि त्याचे हप्ते बाबांच्या पगारातून कापले जाऊ लागले. माझ्या लहानपणी न उडालेला प्रत्येक फटाका त्या गृहस्थांच्या नावावर जमा आहे.

अशा घरातला मी टोरांटोजवळ मिसिसागात स्थायिक झालो आणि आई-बाबांना कायमचं इकडे आणायचं ठरवलं.

"स्पॉन्सर म्हणजे क्रिकेटच्या मॅचला असतो तो?" बाबांनी साताऱ्याहून विचारलं.

तसाच. फक्त जाहिरात होत नाही.

28 जानेवारी 2019 ला भर दुपारी बारा वाजता स्पॉन्सर व्हायचा ऑनलाइन फॉर्म उघडणार होता. जो आधी भरेल त्याचा नंबर. साताऱ्यात तेव्हा रात्रीचे साडेदहा. आईने देव पाण्यात घातले होते. अकरा मिनिटांच्या आत खेळ खलास झाला. त्या वेळी मी आईच्या नावापाशी होतो. दोष माझ्या बोटांचा नव्हे, आईच्या नावांचा. शाळेच्या दाखल्यावर ती कुसुम. लग्नात बाबांनी तांदळाच्या ताटात अंगठीने सुनंदा लिहिलं. रेशनकार्डावर सुनंदाबाई. माझ्या जन्मदाखल्यावर 'सौ.' आणि पुढे शाईचा डाग. जन्मतारीख 1 जून, कारण मास्तरांनी निम्म्या वर्गाला तीच वाटून टाकली होती. आजीच्या मते आई पोळ्याच्या आदल्या दिवशीची. या सगळ्या बायका एकच आहेत आणि ती एक माझी आई आहे, हे पुढे नोटरीसमोर प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागलं. आईला ते फार लागलं. "मला नऊ महिने माहीत होतं, त्याला काही किंमत नाही?"

2020 मध्ये कॅनडाने पद्धत बदलली. इच्छुकांची नावं घेतली आणि पुढची काही वर्षं त्यातूनच चिठ्ठ्या काढल्या. आपली भिशीच म्हणा. पण भिशीत नंबर कधी ना कधी लागतोच, इथे तीही खात्री नाही. आमचा 2022 मध्ये लागला. मग माझं तीन वर्षांचं उत्पन्न, कर भरल्याचे कागद, आणि शेवटी ते हमीपत्र.

ते मी व्हिडिओ कॉलवर बाबांना वाचून दाखवलं, ही माझी चूक. आई-बाबांचा सगळा भार वीस वर्षं माझ्यावर. त्या काळात त्यांनी सरकारकडून निराधारांसाठीचे पैसे घेतले, तर ते मी भरायचे.

पलीकडे शांतता. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"म्हणजे तू मला जामीन राहणार."

"हो."

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"कुणालाही जामीन राहू नको."

"वीस वर्षांनी मी 91 चा होईन. सगळीकडे वीसच?"

"क्यूबेकमध्ये दहा आहेत."

"मग तिकडे नोकरी बघ की! निम्म्यात सुटशील."

मागून आईचा आवाज आला, "तिकडं फ्रेंच बोलावं लागतं म्हणे. त्याला इंग्रजीत माझं नाव लिहिता येईना."

मी सही केली. आजवर 'तुम्हाला सांभाळीन' असं मी त्यांना तोंडाने एकदाही म्हटलेलं नाही. आमच्यात तसं बोलत नाहीत. कॅनडा सरकारला मात्र लेखी कळवलं.

गेल्या मार्चमध्ये दोघं आली. कायम रहिवासी राहायचं तर पाच वर्षांत 730 दिवस इथे काढावे लागतात, हे कळल्यावर बाबांनी वही घातली आहे. त्यात रोज एक रेघ ओढतात आणि मे महिन्यात आंब्यांसाठी साताऱ्याला गेलं तर किती रेघा बुडतील, याचा हिशेब मांडतात. परवा त्यांनी माझ्या हमीपत्राची झेरॉक्स मागून घेतली. पतपेढीच्या जुन्या पावत्यांची पिशवी त्यांनी साताऱ्याहून आणली आहे. झेरॉक्स त्या पिशवीत आहे.