अरबी समुद्राच्या हुजुरास एक अनावृत अर्ज

मेहेरबान अरबी समुद्रसाहेब, वस्ती मुंबई बंदर व तेथून पश्चिमेस अमर्याद, यांचे हुजुरास पुणे मुक्कामाहून एका चौकोनी कुटुंबाच्या खजिनदाराचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपला कारभार मोठा, आणि नद्यांपासून गटारांपर्यंत रोज जे टपाल आपल्याकडे येऊन पडते त्यात आमच्या या कागदाचा निभाव लागणे कठीण, हे पूर्णपणे जाणूनही अर्ज करण्याचे कारण असे की, आपल्या नावाने आपल्याच काठावर जी वसुली राजरोस चालू आहे तिची खबर हुजुरास आहे किंवा कसे, याविषयी आम्हांस अलीकडे जबर शंका उत्पन्न झाली आहे. मुलांस दोन दिवस समुद्र दाखवावा, आणि तो खिशास सोसेल अशा बेताने दाखवावा, एवढ्या माफक हेतूने आम्ही मुंबईच्या सहलीची आखणी करावयास बसलो. आणि ओळीने तीन संध्याकाळी कागदावर आकडे मांडून खोडल्यानंतर या निष्कर्षाप्रत आलो की, समुद्र सोडून समुद्राच्या आसपासची यच्चयावत वस्तू विक्रीस आहे.

प्रथम निवासाची बाब. किनाऱ्यालगतच्या एका हॉटेलास दूरध्वनी केला असता तेथील तरुणाने अत्यंत आर्जवी स्वरात विचारले, "सर, सी-व्ह्यू देऊ की सिटी-व्ह्यू?" या दोहोंच्या भाड्यात जो फरक होता तेवढ्यात आमच्या घरी महिन्याचा किराणा येतो. आम्ही जात्याच मध्यममार्गी असल्यामुळे मधले काही निघेल काय अशी पृच्छा केली, तेव्हा 'पार्शियल सी-व्ह्यू' नावाचा एक तिसरा प्रकार निघाला. आणि त्याचा खुलासा मागता असे समजले की, खिडकीच्या उजव्या कडेला उभे राहून मान डावीकडे वळविली असता दोन इमारतींच्या फटीतून आपण अंशतः दृग्गोचर होता. शिवाय मुलांच्या गादीचे निराळे पैसे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला खोली रिकामी. आमची कन्या इयत्ता सहावीत असून शेकडेवारी नुकतीच शिकली आहे, तिने तिथल्या तिथे विचारले, "बाबा, या भाड्यातले किती टक्के समुद्राला मिळतात?" त्या तरुणास हा प्रश्न विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, म्हणून तो थेट मालकास विचारण्यासाठी हा पत्रप्रपंच. प्रभू रामचंद्रांनी आपल्या दक्षिणेकडील भाऊबंदापाशी वाट मागत तीन दिवस दर्भासनावर काढले म्हणतात. त्यांना निदान राहण्याचे काही पडले नाही.

आता वहिवाटीचा मुद्दा. मुंबईचे हे बेट पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात आंदण म्हणून १६६१ साली इंग्लंडच्या राजास देऊ केले गेले, आणि १६६८ साली त्याने ते सबंधच्या सबंध ईस्ट इंडिया कंपनीस सालीना दहा पौंड खंडाने लावून दिले. दहा पौंडांत अख्खे बेट, आणि तेही वर्षभर! त्या सनदेत सी-व्ह्यू आणि सिटी-व्ह्यू असा भेदभाव केल्याचे ऐकिवात नाही. करणार तरी कसा, कारण त्या काळी शहर असे नव्हतेच, आणि जिकडे पाहावे तिकडे आपणच होता. पुढे सात बेटांमधल्या खाड्या बुजल्या, हॉर्नबीच्या बांधाने वरळीकडची खिंड अडविली, विसाव्या शतकात बॅकबेचा भराव झाला, आणि त्याच्या कडेने मरीन ड्राईव्ह नावाचा जो सुरेख अर्धचंद्र उमटला त्याच्या काठच्या घरांचे भाव आपल्या सान्निध्यावरूनच ठरू लागले. आताशा, म्हणजे २०२४ साली, किनारी रस्ताही आपल्याच हद्दीतून काढून वाहतुकीस खुला केला आहे. भगवान परशुरामांनी बाण मारून आपणांस मागे हटविले तेव्हापासून हा सिलसिला चालू असूनही सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरी आपले नाव कोणी लावल्याचे आम्ही पाहिले नाही, आणि नुकसानभरपाईचा दमडा तर आपल्याकडे खचितच पोहोचला नसेल. आपण तक्रार कधी केली नाहीत. फार तर पावसाळ्यात एखाद्या उधाणाच्या दिवशी मरीन ड्राईव्हच्या कठड्यावरून उसळून मोटारींच्या काचांवर खारे पाणी फेकता, आणि लोक तेही पाहण्यास गर्दी करून तेथे भाजलेली कणसे विकत घेतात.

असो. हॉटेलाचा नाद सोडून आम्ही डोंबिवलीस सौ.च्या मावसबहिणीकडे मुक्काम ठरविला, ज्याचा खर्च एक किलो बाकरवडी इतका आला. मावसबहिणीच्या घरातून समुद्र अंशतःही दिसत नाही, परंतु चहा पूर्ण कपभर मिळतो.

शनिवार कोणता निवडावा हे मात्र आमच्या सासूबाईंनी ठरविले, आणि या सबंध आखणीत अक्कल म्हणून जी काही होती ती तेवढीच. त्यांचे माहेर गुहागरचे. त्यांनी दिनदर्शिका ओढून घेतली आणि म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट करा, जे येईल ते भरतीचं घड्याळ." शुद्ध चतुर्दशीचा शनिवार होता, चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे साडेदहाच्या सुमारास भरती पूर्ण, आणि त्यावर सहा-सव्वासहा तास गेले की पावणेपाचाच्या आगेमागे ओहोटी पूर्ण. पोरांना ओली वाळू लागते, पाणी नव्हे. तेव्हा सकाळचा वेळ जमिनीवर कुठेतरी काढावा आणि उन्हे उतरली की चौपाटीवर हजर व्हावे, असा त्यांचा निवाडा झाला. साहेब, ज्या शहरात रविवारच्या मेगाब्लॉकमुळे कोणती लोकल कोणत्या मार्गावरून धावेल हे उद्घोषणा ऐकूनही कळत नाही, त्या शहराच्या वेशीवर आपण एकटे तिथीबरहुकूम येता आणि तिथीबरहुकूम जाता, याची नोंद येथे कृतज्ञतापूर्वक करीत आहे.

जमिनीवरची सकाळ राणीच्या बागेत काढली. १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेचे दर २०१७ साली वाढले तेव्हा पुष्कळ ओरड झाली होती. तरी आईबाप आणि दोन मुले अशा कुटुंबास मिळून १०० रुपये हा जो दर तेव्हा बांधून दिला, तो ठरविणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरी दोन मुले असावीत असा आमचा दाट संशय आहे. (बुधवारी बाग बंद असते, आमच्यासारख्या शनिवारकऱ्यांस त्याची तोशीस नाही.) शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा हे नाव दिले. विलायतेस नेण्याच्या खटाटोपात तो फुटला म्हणून येथे राहिला. घारापुरीस जाण्याचे होडीभाडे चौघांच्या हिशेबात बसत नसल्यामुळे आम्ही मुलांस या हत्तीवरच घारापुरी समजावून दिली.

परंतु खरा प्रसंग पेंग्विनांच्या काचेपुढे घडला. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरच्या जातीचे हे पाहुणे २०१६ साली सेऊलहून येथे आले. त्यांना बारमाही थंड हवेची प्रशस्त खोली, पोहण्यास स्वतंत्र तलाव आणि वेळेवर ताजी मासळी अशी व्यवस्था आहे, हे आमच्या पाच वर्षांच्या चिरंजिवांनी काचेला नाक लावून पुष्कळ वेळ न्याहाळले, आणि मागे वळून एकच गोष्ट विचारली, "बाबा, ह्यांना दहा वाजता खोली सोडावी लागते का?"

दुपारी कन्येच्या हट्टाखातर दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरचे पुढचे बाक मिळविले. आमच्या लहानपणी याच बाकावर बसून उघड्या खिडकीतून आपला वारा तोंडावर घेणे हा मुंबईच्या सहलीचा कळस असे. त्या जुन्या लाल गाड्या २०२३ च्या सप्टेंबरात सेवेतून गेल्या. नव्या विजेवर चालतात, आवाज करीत नाहीत, दिसावयास देखण्या आहेत, परंतु त्यांच्या काचा बंद आणि आतली हवा यंत्राची. आपल्या दारावरून जाताना आपलाच वारा बाहेर ठेवून थंडाव्याचे दोन रुपये अधिक घेण्याची ही युक्ती ज्याने काढली त्याच्या बुद्धीस मुजरा केला पाहिजे.

गिरगाव चौपाटीवर पोहोचलो तेव्हा पाच वाजावयास आले होते, आणि आपण, सासूबाईंच्या शब्दाला जागून, दूरवर मागे सरून उभे होता. वाळूच्या अलीकडच्या अंगाला नेहमीचा दरबार भरलेला होताच. चटई अंथरून देणारा म्हणाला, "बसा, बसा, चटईचे पैसे नाहीत," आणि आम्ही बसताच भेळेच्या दरांचा कागद हाती दिला. भेळवाल्याने मात्र कैरी अशी बारीक चिरली, आणि कागदाच्या पुड्यात वरून एक कडक पुरी अशी खोचून दिली, की त्याच्याविषयी या अर्जात आमची काहीही तक्रार नाही. मुले पाण्याच्या रेषेपाशी गेली. चिरंजिवांनी दोन्ही हातांनी खड्डा खणला. कोपरभर खोल गेल्यावर तळातून आपोआप पाणी वर आले, आणि त्या पाण्याने कडा ढासळून खड्डा बुजला. त्यांनी पुन्हा खणला, पुन्हा बुजला. हे दीड तास चालले. एवढ्या अवधीत कोणीही येऊन वेळ संपल्याचे सांगितले नाही, जादा मुलाचे पैसे मागितले नाहीत, की खड्ड्याचे कमाल माप बजावले नाही. परतताना गाडीत कन्येने हिशेबाची वही पुरी केली. तीत बाग, बस, लोकल, भेळ, फुगा (फुटला) असे सर्व रकाने भरल्यावर शेवटी तिने लिहिले: 'समुद्र — ०'.

रविवारी मेगाब्लॉकमधून वाट काढीत गेटवे ऑफ इंडियास जाऊन आलो. १९११ साली आलेल्या बादशहांच्या स्वागताची ही कमान १९२४ साली, म्हणजे पाहुणे घरी परतून एक तप उलटल्यावर, पुरी झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्यांची शेवटची पलटण तिच्याखालूनच बोटीत चढली. आता तेथे छायाचित्रे काढून तत्काळ हाती देणाऱ्यांचा अंमल आहे. आम्ही स्वतःच्या फोनवर छायाचित्र काढले, तेव्हा त्यांपैकी एकाने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर जकात चुकविणाऱ्याकडे पाहण्याची होती.

सबब हुजुरास अर्ज असा की, आपल्या नावाने खोल्या, खिडक्या, खुर्च्या आणि वारा विकणाऱ्या या मंडळींस गुमास्तेपणाची सनद आपण दिलेली आहे काय, हे एकदा तपासावे. दिलेली नसल्यास त्यांस बरतर्फ करण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही, कारण त्यांनाही मुलेबाळे आहेत आणि बहुधा तीही शनिवारी समुद्र दाखवा म्हणून पाठीस लागत असतील. आमचे मागणे एवढेच की, त्यांच्या संगतीत राहून आपण स्वतः पावतीपुस्तक छापू नये. पुन्हा शुद्ध चतुर्दशीचा शनिवार साधेल तेव्हा पावणेपाचाच्या सुमारास आम्ही चौघे आणि त्या खेपेस सासूबाई असे पाचजण हजर होऊ. तेवढी ओहोटी राखून ठेवावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एका चौकोनी कुटुंबाचा खजिनदार

ता. क. — कन्येने पाण्याच्या बाटलीत भरून आणलेले आपले अर्धा लिटर पाणी, ज्याची पावती आमच्याजवळ नाही, आमच्या फडताळात वरच्या खणात ठेवले आहे. तळाशी बोटभर वाळू बसली असून वरचे पाणी स्वच्छ झाले आहे. मागणी आल्यास पुढल्या खेपेस परत करू.