घाटातला संसार

सहजीवनाची ही शास्त्रशुद्ध पद्धत सर्व विवाहेच्छूंनी अभ्यासावी. आमच्या पुण्यातलं एक दांपत्य पहाटे कार्बनच्या दोन सायकली मोटारीच्या टपावर बांधून बोपदेव घाटाच्या पायथ्याशी जातं. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की मागच्याचे श्रम बरेच वाचतात, हे विज्ञान. त्यामुळे संसारातले सगळे वाद मिटून 'आता वारा तू घे' एवढाच संवाद उरतो. तोही दम असला तर.

आंतरराष्ट्रीय नियमानुसार शर्यतीची सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी चालत नाही. हौशी मंडळींना असलं बंधन नाही. म्हणून यांनी बाटलीचा स्टँडही कार्बनचा घेतला आणि काही ग्रॅम वाचवले. पोटावरचे चार किलो अद्याप विचाराधीन आहेत.

लग्नाच्या वाढदिवसाला त्याने तिला पॉवर मीटर दिला. तिचे वॅट त्याच्यापेक्षा जास्त निघाले. तेव्हापासून तो मीटर सदोष आहे. पत्रिकेतल्या छत्तीस गुणांऐवजी यापुढे वॅट प्रतिकिलो जुळवावेत, अशी आमची नम्र सूचना. मंगळ परवडला.

परवा त्यांच्याकडे दूध संपलं. डेअरी कोपऱ्यावरच. त्याने तत्परतेने स्कूटर काढली.

रिकव्हरीचा दिवस होता.