सातव्या नंबरचे नाना

वाळूजच्या एमआयडीसीत माणसाची ओळख करून देताना आधी कंपनी सांगतात, मग शिफ्ट, मग गाव. नाव वेळ उरला तर. नानांच्या बाबतीत या सगळ्याच्या आधी फुटबॉल येतो. "ते ब्लॅकबर्नवाले नाना का? डिस्पॅचचे?" असं बजाजनगरातल्या कुठल्याही टपरीवर विचारतात. नव्या माणसाला वाटतं, ब्लॅकबर्न ही रांजणगाव शेणपुंजीकडची पावडर कोटिंगची कंपनी असणार.

ब्लॅकबर्न हे इंग्लंडच्या लँकेशायरमधलं सूतगिरण्यांचं गाव. तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब 1875 सालचा. 1888 मध्ये बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग काढली, त्या बारांतला एक. आता त्याचा मुक्काम दुसऱ्या विभागात असतो. चोवीस संघ, प्रत्येकी शेहेचाळीस सामने. पहिले दोन थेट वर प्रीमियर लीगमध्ये, तिसरा ते सहावा यांच्यात प्ले-ऑफ होऊन आणखी एक वर, आणि शेवटचे तीन खाली. सातवा कुठंच जात नाही. नानांचा सगळा संसार या सातव्याभोवती चाललेला आहे.

नाना इंग्लंडला गेलेले नाहीत. पासपोर्टही नाही. परदेशाशी त्यांचा संबंध एक्स्पोर्टच्या खोक्यांवर लेबलं चिकटवण्यापुरता. 1985 मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्यामागं व्हेंडरांची रांग लागली. व्हेंडरांच्या मागं त्यांचे व्हेंडर. नाना या दुसऱ्या रांगेत आहेत. त्यांच्या इथं तयार होणारा ब्रॅकेट आधी एका मोठ्या व्हेंडरकडे जातो, तिथं त्याला आणखी दोन नटबोल्ट लागतात आणि मग तो मोठ्या गेटातून आत जातो. नाना मात्र त्या गेटातून कधी परमनंट म्हणून आत गेले नाहीत. दोनदा इंटरव्ह्यू झाला होता. त्याबद्दल ते बोलत नाहीत, गोलफरकाबद्दल बोलतात.

प्रकरण सुरू झालं नोव्हेंबर 2010 मध्ये. पुण्याच्या वेंकीजनं, म्हणजे अंड्याकोंबड्यांच्या धंद्यातलं मोठं नाव असलेल्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या घराण्यानं, 2 कोटी 30 लाख पौंडांना ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला, अशी बातमी नानांनी कॅन्टीनमध्ये वाचली. तेव्हा क्लब प्रीमियर लीगमध्ये होता. नानांना फुटबॉलमधलं ऑफसाइडही ठाऊक नव्हतं, पण पुणं ठाऊक होतं. "आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांनी इंग्रजांचा क्लब घेतला," ते म्हणाले, "आता आपण मागं उभं राह्यला पाहिजे." आणि उभे राहिले. क्लबाला हे कुणी कळवलं नाही.

पायगुण म्हणा किंवा काही म्हणा, डिसेंबरातच सॅम अलार्डाइस या प्रशिक्षकाला नारळ मिळाला आणि दीड वर्षात क्लब खाली आला. 7 मे 2012 ला घरच्या मैदानावर विगनविरुद्ध हरून रोव्हर्स प्रीमियर लीगबाहेर पडला. त्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली होती. मालकांचा निषेध म्हणून जगभर तिचे फोटो फिरले. नानांनी तो फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "लेअर आहे का ब्रॉयलर?" त्यांच्या थोरल्या भावाचं पोल्ट्रीचं शेड होतं. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, लोकांनी चिकन सोडलं आणि शेड बसलं. कोंबडीकडे अपमानाचं साधन म्हणून बघणं नानांना अजून जमत नाही.

पाच वर्षांनी क्लब आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या विभागात गेला आणि 2018 मध्ये टोनी मोब्रे नावाच्या शांत माणसाच्या हाताखाली परत दुसऱ्या विभागात आला. तेव्हापासून तिथंच. कारखान्यातली पोरं म्हणतात की हा इतिहासाचा सूड आहे. लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या विणकरांची पोटं मारली, 1931 मध्ये गांधीजींना ब्लॅकबर्नजवळच्या डार्वेनला जाऊन तिथल्या गिरणी कामगारांची समजूत काढावी लागली. "नाना, त्यांनी आपल्याला दीडशे वर्षं खाली ठेवलं, आपण त्यांना पंधरा वर्षं सेकंड डिव्हिजनला ठेवलंय. अजून हिशेब फिटला नाही." नानांना हे आवडत नाही. त्यांना क्लब वर जायला हवा आहे. निदान ते तसं म्हणतात.

सामना बघणं हा शब्द नानांच्या बाबतीत जरा सैल वापरावा लागतो. दुसऱ्या विभागाचे सगळे सामने आपल्याकडे दिसत नाहीत, आणि दिसले तरी नानांच्या घरातला टीव्ही त्यांच्या ताब्यात नसतो. नाना फोनवर आकडा बघतात. शनिवारी संध्याकाळी साडेसातला गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं, फोन उभा करून ठेवायचा आणि शून्य-शून्यकडे नव्वद मिनिटं टक लावायची. मधूनच "गेला, गेला!" म्हणून किंचाळतात. काय गेलं ते आकड्यावरून कळत नाही. वहिनींनी एकदा विचारलं, "आकडा हलतच नाही, तर बघता काय?" नाना म्हणाले, "हलू नये म्हणून बघतोय." रोव्हर्स त्या वेळी बाहेरगावी खेळत होता आणि एक पॉइंटही चालणार होता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्रज घड्याळं एक तास मागं घेतात आणि साडेसातचा सामना साडेआठला जातो, ही गोष्ट वाळूजमध्ये फक्त नानांना माहीत आहे आणि त्यांच्यामुळे बिल्डिंगमधल्या सगळ्यांना. मंगळवारच्या सामन्यांचं अवघड. ते आपल्या रात्री सव्वाबाराला, आणि थंडीत सव्वाएकला. त्यासाठी नाना महिन्यातल्या नाइट शिफ्ट अदलाबदल करून मंगळवारी ओढून घेतात. सुपरवायझरला वाटतं, माणूस कामसू आहे.

निळ्या-पांढऱ्या अर्ध्या-अर्ध्या रंगाची जर्सी त्यांनी मोहटादेवी चौकाजवळच्या टेलरकडून शिवून घेतली. पहिल्यांदा घालून निघाले तेव्हा शेजारच्या आजोबांनी पोराच्या शाळेचं नाव विचारलं. छातीवर क्लबाचं बोधचिन्ह काढायचं होतं, त्यात लाल गुलाब आहे. टेलरनं जवळ होतं ते कमळ लावलं. निवडणुकीच्या दिवसांत नाना ती घालत नाहीत.

जुन्या वैभवाचा विषय निघाला की मात्र त्यांना आवरता येत नाही. 1995 मध्ये रोव्हर्स प्रीमियर लीगचा विजेता झाला होता. पोलादाच्या धंद्यातल्या जॅक वॉकरचा पैसा, केनी डाल्ग्लिशचं मार्गदर्शन आणि ॲलन शियररचे मोसमात 34 गोल. शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलला हरला, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमनं बरोबरीत अडकवलं आणि चषक ब्लॅकबर्नला आला. नाना हे सांगताना मैदानाच्या कडेला उभे असल्यासारखे सांगतात. त्या मे महिन्यात ते आयटीआयची फिटरची परीक्षा देत होते आणि ब्लॅकबर्न हे औषधाचं नाव आहे असं कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. पण भक्ताच्या आठवणी मागं कितीही लांब जाऊ शकतात, त्याला कुणी हरकत घेऊ नये.

नानांच्या सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट पराभवाची नाही, कागदांची आहे. जानेवारी 2023 मध्ये खेळाडू घेण्याच्या शेवटच्या रात्री रोव्हर्सनं नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुईस ओब्रायन ठरवला, आणि कागद मुदतीत पोहोचले नाहीत. सौदा बुडाला. नाना दोन दिवस जेवले नाहीत. पुढच्याच वर्षी अमेरिकेहून डंकन मॅकग्वायर नावाचा पोरगा येऊन बसला, आणि पुन्हा कागदपत्रांत चूक होऊन नोंदणी अडली. या वेळी नाना चिडले, ते चाहता म्हणून नव्हे, व्यवसायबंधू म्हणून. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलंय काय? चलन, ई-वे बिल, गेट पास, पीडीआय रिपोर्ट. "इथं दीडशे ब्रॅकेटचा छोटा हत्ती बिनकागदाचा मी गेटबाहेर जाऊ देत नाही," ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "आणि यांनी अख्खा माणूस अडकवला!"

त्याच वर्षी त्यांनी पुण्याच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. यंदा जानेवारीच्या खेळाडू खरेदीची मुदत इंग्लंडच्या रात्री अकराला संपली, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचारला. त्या वेळी तसंही मी नाइटला जागा असतो. कागद मला पाठवावे, मी तपासून, शिक्का मारून, दोन प्रतींत पुढं पाठवीन. मोबदला नको. पत्राच्या खाली त्यांनी सवयीनं 'वरील माल सुस्थितीत मिळाला' असं लिहिलं होतं, ते मुलीनं खोडलं. उत्तर आलेलं नाही. नाना म्हणतात, जानेवारी लागला की येईल.

2023 पासून क्लबाला पैसे पाठवायला मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, तेव्हा नाना डगमगले नाहीत. गंगापूरच्या कोर्टात त्यांच्या चुलत्यांचा बांधाचा दावा आहे. तारखेची त्यांना सवय आहे. त्यांनी स्वतःकडून करता येण्यासारखं एकच शोधून काढलं होतं: खाणं. नगर रोडवरच्या ढाब्यावर नाना चिकन मागवतात ते क्लबाला हातभार म्हणून. "ही एक तंगडी स्ट्रायकरसाठी," म्हणत उचलतात. कोंबडी वेंकीजची आहे का, हे ढाबेवाल्यालाही ठाऊक नसतं. आहारात सकाळची चार अंडी बचावफळीसाठी होती. कोलेस्टेरॉल वाढल्यावर डॉक्टरांनी पिवळं बंद करायला सांगितलं; तेव्हापासून बचाव ढिला झाला, असं त्यांचं निरीक्षण आहे. अडचण एवढीच की मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि तेव्हा बहुतेक श्रावण असतो. पहिले तीन-चार सामने क्लबाला नानांच्या मदतीशिवाय खेळावे लागतात.

आषाढीला वाळूजच्या छोट्या पंढरपुरात पहाटेपासून गर्दी असते. नाना रांगेत उभे राहतात. लोक विठ्ठलाकडे पाऊस मागतात, पोराला नोकरी मागतात. नाना एकदा मोठ्यानं बोलून गेले, म्हणून मागच्या सगळ्यांना कळलं: "पांडुरंगा, पहिला नको. सहावा दे." मागची बाई म्हणाली, "दादा, पाच पोरं आहेत का?"

सहावा त्यांना मिळालाच होता. 8 मे 2023. मिलवॉलच्या मैदानावर 3-1 ने मागं असलेला रोव्हर्स 4-3 ने जिंकला. नाना जर्सीवरच खाली उतरले, चौकातून किलोभर पेढे आणले आणि तिन्ही मजले वाटले. मग गुणतक्ता उघडला. सुंदरलँडही जिंकला होता. दोघांचे गुण 69, गोलफरकानं सुंदरलँड सहावा, रोव्हर्स सातवा. 2017 मध्ये क्लब खाली गेला तोही शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला 3-1 ने हरवून, गोलफरकानंच. जिंकून बुडण्याची कला रोव्हर्सइतकी कुणाला साधलेली नाही. पेढे परत मागता येत नव्हते. तळमजल्यावरच्या काकूंनी मुलीचं लग्न ठरलं समजून साडीही दिली होती. दोन आठवड्यांपूर्वीच शेजारच्या बर्नलीनं, ब्लॅकबर्नच्या जन्मजात वैऱ्यानं, रोव्हर्सच्याच इवुड पार्कवर येऊन 1-0 ने जिंकून विजेतेपद पक्कं केलं होतं. नानांनी तो दिवस डायरीत 'प्लांट बंद' असा नोंदवला आहे. 2025 मध्ये पुन्हा सातवा, या वेळी दोन गुणांनी.

सप्टेंबर 2025 मध्ये इप्सविचविरुद्ध रोव्हर्स 1-0 ने पुढं होता, समोरचा एक खेळाडू बाहेर काढलेला, ऐंशी मिनिटं झालेली, आणि मैदानात पाणी साचलं म्हणून पंचांनी सामना थांबवला. पुढं निर्णय आला: पहिल्यापासून पुन्हा खेळा. नाना हे दुःख घेऊन गंगापूरला सासऱ्यांकडे गेले. मराठवाड्यात त्या महिन्यात पावसानं हाहाकार केला होता; सासऱ्यांची कपाशी पाण्यात उभी होती. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पंचनामा झाला का?" नाना म्हणाले, झाला. "मग काही मिळत नसतं," सासरे म्हणाले. नानांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी फुटबॉलमधलं समजून घेतल्यासारखं वाटलं.

यंदा मुलीला स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, चाकणला, परमनंट, निर्व्यसनी. चहापोहे झाले, आणि नानांनी विचारलं, फुटबॉल बघता का. मुलगा उत्साहानं म्हणाला, "हो, मँचेस्टर सिटी!" नानांचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर ते वहिनींना म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पण यानं दुःख पाह्यलेलं नाही."

"मग आपल्या पोरीनं कामून बघायचं?" वहिनी म्हणाल्या, आणि होकार कळवला.

उरली तारीख. शनिवार नको, मंगळवार नको, असं नानांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. गुरुजींना वाटलं, घरात काही व्रत असेल. शेवटी पंचांग पुढं सरकत सरकत मेच्या दुसऱ्या आठवड्यावर आलं. लीगचे सामने तोवर संपलेले असतात. सगळ्यांनी माना डोलावल्या, सुपारी फुटायची तेवढी राहिली, आणि नाना एकदम अस्वस्थ झाले. खुर्चीत पुढं सरकून हळूच म्हणाले, "त्याच आठवड्यात प्ले-ऑफ असते. आपली लागली तर?"

वहिनी कपबशा गोळा करत होत्या. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"नाही लागत," त्या म्हणाल्या.