गिअरोबा

बाप होण्याआधी गिअरोबा नुसता ट्रेकर होता. कॉलेजात असताना कात्रज ते सिंहगड, म्हणजे त्या जमातीच्या भाषेत 'के टू एस', त्याने एका रात्रीत मारला तो पायात ॲक्शनचे बूट, पाठीवर मामेभावाची चेन तुटलेली सॅक आणि खिशात पार्ले-जीचा पुडा एवढ्या भांडवलावर. राजगडावर पद्मावतीच्या देवळात तो सतरंजीवर झोपलाय, हरिश्चंद्रगडावर दुसऱ्याच्या टॉर्चच्या उजेडात हिंडलाय. ब्रँडेड सॅका घेऊन येणाऱ्यांना हसण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. मग त्याला मुलगी झाली. बारशाच्या घुगऱ्या संपायच्या आत त्याने लॅपटॉपवर एक तक्ता उघडला. आडव्या ओळींत बाळाला पाठीवर न्यायच्या कॅरिअरची नावं, उभ्या रकान्यांत वजन, किंमत, पट्ट्यांची संख्या, धुता येतं की नाही.

घरच्यांना वाटतं, पोरीची किती काळजी! मला तसं वाटत नाही. रविवारी पहाटे चारला दार हळूच ओढून घेऊन सटकायची त्याची सोय बारशाबरोबरच संपली. आता डोंगर दिसायचा तर पोरगी पाठीवर हवी, आणि पोरगी पाठीवर घ्यायची तर तिच्या आईची परवानगी हवी. तो तक्ता खरं तर परवानगीचा अर्ज आहे. एवढा सविस्तर अर्ज त्याने होम लोनलासुद्धा केला नव्हता.

मात्र माणसाचा अभ्यास पक्का, हे मान्य करायलाच हवं. लिफ्टमध्ये लहान मूल घेऊन कोणी शिरलं की तिसरा मजला येईपर्यंत त्याला पूर्ण माहिती मिळते. मूल आधाराशिवाय बसायला लागेपर्यंत फ्रेमच्या कॅरिअरचं नाव काढायचं नाही. तोवर कापडी, तेही छातीशी. बाळाचा चेहरा आपल्याला सतत दिसला पाहिजे, मान खाली घातली तर त्याच्या टाळूची पापी घेता आली पाहिजे. हनुवटी छातीला टेकता कामा नये, कारण तान्ह्या बाळाचा श्वास तिथेच अडतो. गुडघे ढुंगणापेक्षा वर आणि मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार, पाय नुसते लोंबकळले तर खुब्याचा सांधा बिघडू शकतो. हे सगळं तो अंगविक्षेपांसकट सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आता जिना धरलाय.

सरावाला त्याने पाच किलो आंबेमोहोर वापरला. तांदळाची पिशवी छातीशी बांधून तो रोज रात्री जेवणानंतर सोसायटीचे जिने चढायचा-उतरायचा, एक हात पिशवीच्या मागे, मधूनच खाली बघून पुटपुटायचा. वॉचमनने पहिले काही दिवस विचारपूस केली, पुढे नुसताच सलाम ठोकू लागला. तांदळाला हनुवटी नसते एवढीच काय ती अडचण.

मुलगी बसायला लागली आणि फ्रेमचं कॅरिअर घरात आलं. ॲल्युमिनियमचा सांगाडा, जमिनीवर उभं राहायला खाली पाय, डोक्यावर उन्हाचं छत, पावलं टेकवायला रिकिबी, हनुवटीखाली लाळ पुसायची काढता-घालता येणारी उशी. रिकामंच तीन किलोच्या वर. अशा कॅरिअरची मर्यादा बहुधा २२ किलो असते आणि त्यात मूल, पाणी, डायपर आणि खुद्द कॅरिअर, सगळं आलं. हे वाचल्यावर गिअरोबा मुलीसकट सगळं सामान घेऊन रद्दीवाल्याकडे गेला. रद्दीवाल्याने काट्यावर मुलगी ठेवलेली पाहिली आणि आधी दोन्ही हात वर केले. पंधरा किलो भरलं. घरी येऊन गिअरोबाने तक्त्यात आकडा टाकला आणि बायकोला म्हणाला, "सात किलोची जागा आहे अजून." ती म्हणाली, "मग मलाही घे."

कपड्यांवरून आजीशी जुंपली. आजीचं म्हणणं, लेकराच्या अंगाला सुतीच हवं. गिअरोबाचं म्हणणं, सुती कापड एकदा भिजलं की लवकर वाळत नाही आणि वाऱ्यावर अंगातली ऊब शोषून घेतं. शिवाय चढताना बाप घामाघूम होतो आणि त्याला वाटतं उकडतंय, पण मागे मूल नुसतं बसून असतं. ते गारठतं आणि बापाला पत्ता नसतो. म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ थर चढवायचे, आणि दर अर्ध्या तासाने मानेमागे बोट घालून बघायचं. आजीने हे सगळं ऐकून घेतलं आणि स्वतः विणलेली कानटोपी पुढे केली. कानटोपी लोकरीची होती, हनुवटीखाली गाठ मारायची नाडी होती. परदेशी टोपीची किंमत बघून झाल्यावर गिअरोबाने ती निमूटपणे तक्त्यात घेतली.

आजीचा ठेवणीतला मुद्दा निराळा होता. "रायगडाचा कडा उतरून गेली ना हिरकणी? तिच्या कमरेला होता का असला पट्टा?"

"आजी, बाळ खाली घरी होतं," गिअरोबा शांतपणे म्हणाला. "ती उतरली तेव्हा पाठीवर लोड शून्य."

चुकला तो बुटांत. नऊ महिन्यांच्या, न चालणाऱ्या मुलीला त्याने खाचखळग्यांच्या तळव्याचे, घोट्याला आधार देणारे बूट घेतले. कॅरिअरमध्ये बसलेल्या मुलाला खरं तर लागतात गुडघ्यापर्यंतचे मोजे, कारण पाय लटकले की पायजमा वर सरकतो आणि पोटऱ्या कधी उन्हात, कधी वाऱ्यात उघड्या पडतात. ते बूट मातीला लागलेच नाहीत. पहिला तिने मळवलीच्या अलीकडे रेल्वेच्या खिडकीतून टाकला. दुसरा अजून शोकेसमध्ये आहे.

पहिला ट्रेक लोहगड. लोहगडवाडीपासून वरपर्यंत पायऱ्या, डिसेंबरचं ऊन सौम्य, गाडी पायथ्याशी येते आणि गडाचं नाव २०२५ साली युनेस्कोच्या यादीत लागलंय, म्हणजे अर्जात लिहायलाही बरं. (गाडी पायथ्याशी येते तर हा रेल्वेने का गेला, हे विचारू नये. लोकलने गेल्याशिवाय लोहगड झाल्यासारखा वाटत नाही, असं के टू एसवाले मानतात.) गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चारही दरवाजे त्याने बिनबोभाट पार केले. ते हत्तीच्या मापाचे आहेत. अडकला तो ताकवालीकडे.

ताकवालीचं दुकान म्हणजे चार बांबू आणि वर निळी ताडपत्री. गिअरोबा वाकून आत शिरला, पण स्वतःपुरताच वाकला. पाठीवरचं छत त्याच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच होतं, ते ताडपत्रीच्या दोरीत गुंतलं. तो पुढे ओढू लागला तशी ताडपत्री पुढे येऊ लागली, बांबू कलला, बरण्या किणकिणल्या. आणि वर मुलगी दोन्ही हातांनी बापाचे केस धरून खिदळायला लागली. मागे काय झालंय ते दिसेना, म्हणून त्याने मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून वर धरला. तेवढ्यात ताकवाली उठली, एका हाताने बांबू सावरला, दुसऱ्या हाताने दोरी सोडवली. "आवं दादा, तुमचं डोस्कं हितं संपत न्हाई आता," ती म्हणाली, "वर लेकरू हाय." तिच्या स्वतःच्या कडेला लुगड्याच्या पदरात गच्च आवळलेला नातू झोपला होता. गिअरोबाने आधी त्याची हनुवटी पाहिली, मग गुडघे. दोन्ही बरोबर होते. त्याने एक ताक जास्त घेतलं.

गिअरोबाचा खरा पराभव दीड वर्षानंतर झाला. मुलगी अडीच वर्षांची झाली आणि "मी मी चायनार" म्हणून कॅरिअरमध्ये पाय ताठ करू लागली. ताठ पायांचं मूल रिकिबीत घालता येत नाही, याची नोंद कुठल्याच माहितीपत्रकात नाही. तेव्हापासून ती पुढे चालते, म्हणजे चार पावलं टाकते, बसते, खडा उचलते, न्याहाळते आणि बापाकडे देते. मध्येच शेण दिसलं तर पंधरा मिनिटं मुक्काम. मागून गिअरोबा तीन किलोचं कॅरिअर पाठीवर घेऊन चालतो, त्यात बाळाच्या जागी खडे. पर्वतीच्या शंभरेक पायऱ्यांना त्यांना एक सकाळ लागते. शेजारून आजोबा मंडळी रोजच्या फेऱ्या मारून जातात आणि रिकाम्या कॅरिअरकडे बघून विचारतात, "अहो, बाळ कुठं पडलं?"

शेवटी त्याने ते विकायला काढलं. पिंपळे सौदागरहून एक जोडपं आलं. किमतीचा विषय बाजूलाच राहिला. बाळ किती महिन्यांचं? चार. बसतं का? धरून बसवलं की बसतं. वजन? ते दोघं एकमेकांकडे बघू लागले. गिअरोबाने चहा मागवला, तरुण बापाला भिंतीला पाठ लावून उभं केलं, मानेच्या हाडापासून कंबरेच्या हाडापर्यंत टेप धरला, पट्टा बांधून वजन खांद्यावरून कंबरेवर कसं येतं ते दाखवलं आणि सांगितलं, "दोन-तीन महिन्यांनी या. आधाराशिवाय बसायला लागल्याशिवाय मी हे देणार नाही." ते गेले.

"तू कॅरिअर विकतोयस की मुलगी देतोयस?" बायकोने विचारलं.

"मुलगी देताना तुझ्या बाबांनी मला नुसता पगार विचारला होता," टेप गुंडाळत गिअरोबा म्हणाला. "पाठीची लांबी कोणी मोजली?"