कमी शिल्लक हा गुन्हा नाही

पासबुक भरून आणलंत की एकदा सावकाश वाचा. पगार, वीजबिल, विम्याचा हप्ता यांच्या मध्ये कुठेतरी इंग्रजी आद्याक्षरांची एक ओळ असते आणि तिच्यापुढे कापलेली रक्कम. काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळतं, 'सिस्टीमने कापलेत.' सिस्टीम स्वतःहून काही कापत नाही. दर बँकेचं संचालक मंडळ ठरवतं, सिस्टीम फक्त वसुली करते.

हिशेब मांडून बघा. समजा, किमान सरासरी शिल्लक दहा हजारांची आहे आणि तुमच्या खात्यात महिनाभर दोनच हजार होते. तूट आठ हजारांची. तुटीच्या सहा टक्के दंड धरला तर 480 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 566 रुपये 40 पैसे. याच दोन हजारांवर अडीच टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं 50 रुपये. एका महिन्याच्या दंडात अकरा वर्षांचं व्याज गेलं. ज्याच्याकडे पैसे कमी, त्याच्याकडूनच पैसे कमी आहेत म्हणून पैसे घ्यायचे, हा दुष्काळातला तेरावा महिना आहे.

ही वसुली किरकोळ नाही. ऑगस्ट 2023 मध्ये तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री डॉ. भागवत कराड यांनी राज्यसभेत आकडे दिले. सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका यांनी 2018 पासून किमान शिल्लक नसल्याबद्दल 21 हजार कोटी रुपयांहून अधिक, एटीएमच्या जादा व्यवहारांपोटी आठ हजार कोटींहून अधिक आणि एसएमएसपोटी सहा हजार कोटींहून अधिक रक्कम ग्राहकांकडून घेतली होती.

आता बाहेर बघू. अमेरिकेत दुखणं हेच, नाव वेगळं. खात्यात पैसे कमी पडले आणि बँकेने व्यवहार पुढे जाऊ दिला की ओव्हरड्राफ्टचं शुल्क लागतं, अनेक बँकांत एका वेळेला 35 डॉलर. ग्राहक संरक्षण विभागाने डिसेंबर 2024 मध्ये मोठ्या बँकांसाठी ते पाच डॉलरवर आणायचा नियम केला. तो लागू होण्याआधीच मे 2025 मध्ये संसदेच्या ठरावावर अध्यक्षांची सही झाली आणि नियम रद्द झाला. अशा आकारणीचा परिणाम आधीपासूनच दिसतो. 2023 च्या सरकारी पाहणीनुसार तिथल्या सुमारे 56 लाख कुटुंबांचं बँकेत खातंच नव्हतं, आणि त्यांनी सर्वाधिक सांगितलेलं कारण होतं, किमान शिल्लक ठेवण्याइतके पैसे नाहीत. दंडाच्या धाकाने माणूस बँकेबाहेरच राहतो.

ब्रिटनमध्ये 1980 च्या दशकापासून रिवाज वेगळा आहे. खातं उणे जात नाही तोवर साध्या खात्याला महिन्याचं शुल्क नाही. पण बँकेचा खर्च कुणीतरी भरतोच, आणि बरीच वर्षं तो खातं उणे जाणाऱ्यांकडून निघत होता. 2020 मध्ये नियामकाने ओव्हरड्राफ्टवरचं ठरावीक रोजचं शुल्क बंद करून फक्त व्याज आकारायला लावलं. बहुतेक मोठ्या बँकांनी ते व्याज 40 टक्क्यांच्या घरात नेलं. तेव्हा नुसतं 'मोफत' वाचून भुलायचं नाही, भार कुणावर पडतो ते बघायचं.

जर्मनीत खात्याला दरमहा काही युरो द्यावे लागतात. माझी त्याला हरकत नाही, कारण दर आधी सांगितलेला असतो. त्याहून मोलाची गोष्ट 27 एप्रिल 2021 ची. बँकेने शुल्कवाढीचं पत्र पाठवलं आणि ग्राहक दोन महिने गप्प राहिला, तर त्याने होकार दिला असं धरता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने दिला. अनेक ग्राहकांनी जादा घेतलेलं शुल्क परत मागितलं. शिवाय युरोपीय संघाच्या 2014 च्या निर्देशानुसार बँकेला वर्षातून एकदा, कशापोटी किती घेतलं, याचा तक्ता ग्राहकाला द्यावाच लागतो.

हे श्रीमंत देशांचे लाड आहेत, असं कुणी म्हणेल. त्याने ब्राझील बघावा. तिथे 2010 च्या नियमाने प्रत्येक बँकेने साध्या खात्याला महिन्यात चार वेळा पैसे काढणं, त्याच बँकेत दोन वेळा पैसे पाठवणं आणि दहा चेक विनाशुल्क द्यायचे असतात.

आपल्याकडे काय अडतं? स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये बचत खात्यांची किमान शिल्लकेची अट काढली. 2025 मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही दंड थांबवला. कुणाचं दिवाळं निघालं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान शिल्लक 50 हजार केली, ओरड झाली आणि काही दिवसांतच ती 15 हजारांवर आली. त्या वेळी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी सांगितलं की ही रक्कम बँकांनी ठरवायची, तो नियमनाचा विषय नाही. हे मला अजिबात पटत नाही. एटीएमच्या एका जादा व्यवहाराला 23 रुपयांची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँक घालू शकते, तर गरिबाच्या शिल्लकेवरचा दंडही थांबवू शकते.

मागण्या तीनच आहेत. बचत खात्यावरचा किमान शिल्लकेचा दंड सगळ्याच बँकांत बंद करा. खातं सांभाळायला खर्च येत असेल तर उघड, सगळ्यांना सारखं शुल्क सांगा आणि वाढवण्याआधी स्पष्ट होकार घ्या. आणि वर्षाअखेरीला कापलेल्या पै-पैचा हिशेब मराठीत द्या.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. प्रत्येक बँकेला मूलभूत बचत खातं द्यावंच लागतं. त्यात किमान शिल्लकेची अट नाही आणि महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणं मोफत आहे. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. घरकामाच्या ताई, सोसायटीचा वॉचमन, गावाकडचे आईवडील यांचं खातं कोणत्या प्रकारचं आहे ते या आठवड्यात विचारा. बदलायचं असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसा लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. तो त्यांच्या पासबुकच्या पहिल्या पानावर लिहून द्या.